रक्ताच्या रिपोर्टवरून कळेल का, बाबांचा हात किती सुधारेल?

सांगलीहून एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. तिचे वडील ६४ वर्षांचे. चार दिवसांपूर्वी सकाळी पेपर वाचता वाचता डावा हात गळून पडला, तोंड वाकडं झालं, उठायला गेले तर पाय साथ देईना. मेंदूच्या उजव्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीच्या एका फांदीत गुठळी अडकली होती. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सात तास उलटले होते. त्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं नाही, आणि फांदी लहान असल्याने कॅथेटर घालून गुठळी ओढून काढण्याचाही मार्ग नव्हता. आता ते शुद्धीवर आहेत, बोलतात, डावा पाय थोडा हलतो, डावा हात जवळजवळ नाहीच. मुलीच्या हातात रिपोर्टची फाइल आहे. सीआरपी (दाहाची खूण) ४८, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर ७, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरच्या भाराची खूण) आणि डी-डायमर (गुठळ्या विरघळताना उरणारा तुकडा) वाढलेले, होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) ३२. परदेशातल्या एका नातलगाने ‘न्यूरोफिलामेंट’ नावाची तपासणीही करून घ्या असं कळवलं आहे. ती विचारते, या आकड्यांवरून बाबा किती बरे होतील हे कळेल का, आणि आणखी कोणती तपासणी करू?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. या फाइलमधल्या एकाही आकड्यावरून तुमच्या वडिलांचा हात किती सुधारेल हे सांगता येत नाही. त्यातले तीन-चार आकडे महत्त्वाचे आहेत, पण ते वेगळ्या कामासाठी. हाताबद्दल जे कळायचं आहे ते त्यांच्या डाव्या खांद्याला आणि बोटांना विचारावं लागेल, आणि त्याला सुई टोचावी लागत नाही. बावीस वर्षं स्ट्रोकचे पेशंट पाहतोय. त्यातली पहिली बरीच वर्षं मीही या आकड्यांकडे जरा जास्तच आशेने बघत होतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रक्तातल्या अशा आकड्यांना आम्ही मार्कर म्हणतो. मार्कर म्हणजे खूण. कृष्णेचा पूर ओसरल्यावर भिंतीवर जशी राहते तशी. पाणी कुठवर चढलं होतं ते खूण बरोबर सांगते. घराचा पाया कसा होता, घरात माणसं किती, कोणती खोली आधी राहती करता येईल, हे खुणेला माहीत नसतं. स्ट्रोकमध्ये मेंदूचा जितका मोठा भाग रक्ताविना राहील, तितकी शरीरभर खळबळ जास्त. ताणाची संप्रेरकं वाढतात, साखर वाढते, पांढऱ्या पेशी सरसावतात, यकृत सीआरपी बनवू लागतं, हृदयावर भार पडतो. म्हणजे हे सगळे आकडे बहुतांशी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतात: झटका मोठा होता. ते तर आम्हाला पेशंटच्या खाटेशीच कळलेलं असतं. एनआयएचएसएस नावाचा ० ते ४२ गुणांचा तक्ता असतो. शुद्ध, नजर, चेहरा, हातपाय, बोलणं, संवेदना असं एकेक तपासून गुण द्यायचे, गुण जितके जास्त तितका झटका गंभीर. हे गुण आणि पेशंटचं वय, एवढ्या दोन गोष्टींवरून तीन महिन्यांनंतरचा बराचसा अंदाज बांधता येतो.

त्यामुळे कोणत्याही रक्ततपासणीला विचारायचा प्रश्न असा: वय आणि हे गुण आधीच माहीत असताना तू आणखी काय सांगतेस? ‘सीआरपी वाढलेल्यांची अवस्था वाईट होते’ हे खरं असूनही निरुपयोगी असू शकतं. एडिंबरोच्या विल्यम व्हाइटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तोवरचे या विषयावरचे अभ्यास गोळा करून चाळले, आणि रोजच्या कामात वापरावा असा एकही मार्कर त्यांना सापडला नाही. पुढे त्यांनी स्वतःच्या पेशंटमध्ये इंटरल्यूकिन-६ हे दाहाचा निरोप नेणारं प्रथिन आणि एनटी-प्रोबीएनपी मोजलं. दोन्हींचा वाईट परिणामाशी संबंध दिसला, पण वय आणि गांभीर्य यांच्यात ते मिसळल्यावर अंदाज फारसा सुधारला नाही. जुन्या अभ्यासांत आणखी एक खोट होती. पेशंट थोडे, आणि ‘इतक्याच्या वर धोका’ ही रेघ निकाल हातात आल्यावर ओढलेली. परीक्षेचा निकाल पाहून मग पासिंगचे मार्क ठरवावेत तसं. दुसऱ्या गावात, दुसऱ्या पेशंटवर ती रेघ टिकत नाही.

तरीही एका मार्करने थोडी वेगळी चुणूक दाखवली, आणि त्याचं नाव तुमच्या फाइलमध्ये नाही. कोपेप्टिन. शरीरात पाणी धरून ठेवणारं व्हासोप्रेसिन हे संप्रेरक ज्या लांब साखळीतून तुटून निघतं, तिचाच शेवटचा तुकडा म्हणजे कोपेप्टिन. व्हासोप्रेसिन स्वतः नळीत टिकत नाही, मोजायला अवघड. कोपेप्टिन मात्र तितक्याच प्रमाणात सुटतं आणि नळीत काही दिवस शाबूत राहतं. ताण आला की मेंदू हे लगेच सोडतो, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा आकडा बोलका असतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला मीरा काटान आणि सहकाऱ्यांनी ३६२ पेशंटमध्ये ते मोजलं आणि २००९ मध्ये छापलं. वय आणि एनआयएचएसएस धरूनही कोपेप्टिनने तीन महिन्यांनंतरच्या अंदाजात थोडी भर घातली. नंतर दुसऱ्या, मोठ्या गटातही ते तपासलं गेलं. २०१९ मध्ये वय, एनआयएचएसएस, बंद वाहिनी उघडली की नाही आणि कोपेप्टिन असे चार घटक धरून कोरिस्क नावाचा गुणांक मांडला गेला. हे काम मला प्रामाणिक वाटतं, कारण त्यांनी आपलाच निष्कर्ष पुन्हा नव्या पेशंटवर पारखून घेतला. तरी तुमच्या वडिलांसाठी मी ते मागवणार नाही. पहिल्या दिवसाची वेळ गेली आहे, आणि उत्तर काहीही आलं तरी उपचारात एक गोळीही इकडची तिकडे होणार नाही.

न्यूरोफिलामेंटचं तुमच्या नातलगाने सुचवलं ते अगदीच हवेतलं नाही. चेतातंतूंच्या आत ज्या प्रथिनांचा सांगाडा असतो, त्यातलं हे एक हलकं प्रथिन. तंतू तुटले की ते बाहेर गळतं आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात, मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये, रक्तात सापडतं. सीआरपी यकृतातून येतं, बीएनपी हृदयातून. न्यूरोफिलामेंट खुद्द चेतातंतूतून येतं, हा त्याचा मोठा गुण. पण ते सावकाश चढतं. पहिल्या दिवशी फारसं काही सांगत नाही, दोन-तीन आठवड्यांत शिखर गाठतं आणि पुढे महिनोन्‌महिने रेंगाळतं. वयाप्रमाणे ते मुळातच वाढलेलं असतं, आणि मूत्रपिंड मंद असेल तर आणखी. शिवाय किती तंतू तुटले हे ते सांगतं, कुठले तुटले हे सांगत नाही. हाताला हुकूम नेणारा जाडजूड दोर एका चिमुकल्या जागी तुटला तर आकडा लहान आणि हात कायमचा लुळा. दुसऱ्या कुणाचा कपाळामागचा मोठा भाग गेला तर आकडा मोठा आणि हात चालता. हा प्रश्न कोणत्याही रक्ततपासणीने सुटण्यासारखा नाही. रक्त सगळ्या मेंदूचं एकत्र मिसळून येतं, त्यावर पत्ता लिहिलेला नसतो. संशोधनासाठी ही तपासणी मोलाची आहे. तुम्ही ते पैसे फिजिओथेरपीला ठेवा.

एस१००बी आणि जीएफएपी ही आणखी दोन नावं इंटरनेटवर भेटतील. दोन्ही मेंदूतल्या आधारपेशींमधून येतात. जीएफएपीचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत दिसू लागला आहे. मेंदूत रक्तस्राव झाला तर ते झपाट्याने वाढतं, गुठळीने झालेल्या झटक्यात सावकाश. एस१००बी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाकडे चढतं आणि मेंदूला मोठी सूज येणार का याचा इशारा देतं. त्या सुजेसाठी कवटीचं हाड काढण्याचं ऑपरेशन करतात. साठीच्या आतल्या पेशंटमध्ये ४८ तासांत ते केलं तर वर्षभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेलं, असं २००७ मध्ये युरोपातल्या तीन चाचण्या एकत्र करून दिसलं. पण तो निर्णय पेशंटची शुद्ध आणि सीटी स्कॅन बघून घेतला जातो. तुमच्या वडिलांचा झटका त्या जातीचा नाही.

आता सीआरपी. याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण यात मी चुकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी साठीतल्या एका बाईंचा उजवा हात-पाय गेला होता, वाचाही. तिसऱ्या दिवशी सीआरपी १४० आलं. मी तिच्या मुलांना कॉरिडॉरमध्ये उभं करून सांगितलं की दाह फार आहे, परिणाम चांगला दिसत नाही. संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, बाईंना चहा पाजताना ठसका लागतोय. एक्स-रे काढला तर उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. गिळताना चहा श्वासनलिकेत उतरत होता. नाकातून नळी घातली, अँटिबायोटिक दिलं, सीआरपी उतरलं. तीन महिन्यांनी बाई काठी टेकत ओपीडीत आल्या. दरम्यान मी जे बोललो होतो त्यामुळे धाकट्या मुलाने आठवडाभर फिजिओथेरपिस्टला ‘आता कशाला त्रास’ म्हणून परत पाठवलं होतं. तो आठवडा त्या बाईंचा होता आणि तो माझ्या एका वाक्याने गेला. तेव्हापासून वाढलेलं सीआरपी दिसलं की मी भविष्य सांगत नाही, छाती ऐकतो.

म्हणून तुमच्या ४८ या आकड्याचा अर्थ असा घ्या. झटक्यानंतर सीआरपी सहा-बारा तासांत चढू लागतं आणि साधारण दोन दिवसांत शिखरावर जातं. नवा त्रास नसेल तर त्यानंतर उतरायला हवं. चौथ्या दिवशी ४८ असेल आणि काल ३० असेल, तर कुठेतरी जंतुसंसर्ग शोधायला हवा: छाती, लघवी, सलाइनची जागा. काल ९० असेल तर ठीक चाललंय. एकट्या आकड्याला अर्थ नाही, कालच्याशी लावून बघा. आणि वडिलांना पाणी किंवा चहा द्यायच्या आधी गिळण्याची तपासणी झाली आहे का, हे आजच विचारा. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तराचंही तेच. ते साध्या सीबीसीतून फुकटात मिळतं म्हणून त्यावर खूप लिहिलं गेलं आहे, पण ताण, जंतुसंसर्ग, स्टेरॉइड, सगळ्यांनीच ते वाढतं.

नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग आकडा खाली आणायचं औषध द्या ना. हा प्रयत्न जगात अनेकदा प्रामाणिकपणे झाला आहे. साखरेचं बघा. झटक्याच्या वेळी साखर वाढलेली असेल तर परिणाम वाईट, हे फार जुनं निरीक्षण. अमेरिकेत शाइन नावाच्या चाचणीत ११५१ पेशंट घेतले. निम्म्यांची साखर इन्सुलिनच्या ड्रिपने ८० ते १३० मध्ये कडक ठेवली, निम्म्यांची १७९ पर्यंत चालवून घेतली. २०१९ मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी दोन्ही गट सारखेच, उलट कडक गटात काहींची साखर धोकादायक उतरली. सीआरपीचं बघा. चीनमध्ये आठ हजारांवर पेशंट असे निवडले की ज्यांचं अतिसंवेदनशील तपासणीने मोजलेलं सीआरपी २ किंवा त्याहून जास्त होतं, आणि त्यांना दाह कमी करणारं कोल्चिसिन दिलं. पुन्हा झटका येण्याचं प्रमाण कमी झालं नाही, हे २०२४ मध्ये कळलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अर्केडिया चाचणीचा निकाल आला. एनटी-प्रोबीएनपीसारख्या खुणांवरून हृदयाचा वरचा कप्पा बिघडला आहे असं वाटणाऱ्या, पण ठोके नियमित असणाऱ्या १०१५ जणांना अ‍ॅस्पिरिनऐवजी रक्त पातळ करणारं अपिक्सबान देऊन पाहिलं. फरक पडला नाही. खूण पुसली म्हणून पूर आला नव्हता असं होत नाही.

होमोसिस्टीन ३२ बघून तुम्ही घाबरला असाल. आपल्याकडे हा आकडा वाढलेला असणं अतिशय सामान्य आहे आणि त्याचं कारण बहुतेक वेळा ताटात असतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं दाखवून दिलं आहे की इथल्या लोकांत, विशेषतः शाकाहारी माणसांत, बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आहे आणि होमोसिस्टीन त्यामुळे चढतं. वडिलांचं बी-१२ मोजून घ्या, कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं. कमतरतेने पायांच्या नसा, तोल आणि स्मरण बिघडतं, आणि तोल त्यांना आता फार लागणार आहे. मात्र होमोसिस्टीन उतरलं की हात उठेल असं कुणी सांगितलं तर मानू नका. स्ट्रोक झालेल्यांना बी जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन कमी केल्याच्या मोठ्या चाचणीत, २००४ च्या, पुढचे झटकेसुद्धा कमी झाले नव्हते.

एनटी-प्रोबीएनपी मात्र वाऱ्यावर सोडू नका. ते वाढलेलं असेल तर हृदयाची टूडी इको झाली का, आणि ठोक्यांची नोंद किती वेळ ठेवली, हे विचारा. अधूनमधून येणारी ठोक्यांची अनियमितता एका ईसीजीत सापडत नाही, चोवीस तास ठोके नोंदणाऱ्या होल्टर यंत्रातूनही कधी निसटते. ती सापडली तर औषधच बदलतं, आणि पुढचा झटका टळू शकतो. मूत्रपिंड मंदावलं असेल तरीही हा आकडा वाढतो, तेव्हा क्रिएटिनिन शेजारी ठेवून वाचायचा. डी-डायमर थोडं वाढलेलं असेल तर त्यातून काही निघत नाही. खूपच जास्त असेल आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत डाग असतील, तर आम्ही शरीरात लपलेला कॅन्सर शोधतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून डाग एकाच जागी आहे.

आता हाताकडे येतो. हॉलंडमधल्या संशोधकांनी झटक्यानंतर ७२ तासांच्या आत दोनच गोष्टी पाहिल्या: पेशंट लुळा हात खांद्यातून बाजूला थोडा तरी नेऊ शकतो का, आणि बोटं थोडी तरी सरळ करू शकतो का. दोन्ही जमणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता दिसली. दोन्ही न जमणाऱ्यांत २५ टक्के. पाचव्या आणि नवव्या दिवशी पुन्हा तपासलं तेव्हा जमणाऱ्यांची शक्यता ९८ वरच राहिली, न जमणाऱ्यांची १४ वर आली. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. ‘काही कौशल्य’ म्हणजे पूर्वीसारखा हात नव्हे, पेला धरणं, वस्तू उचलून ठेवणं इतपत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला कॅथी स्टिनिअर यांनी हाच धागा पुढे नेला. तिसऱ्या दिवशी खांदा आणि बोटं यांना प्रत्येकी ५ पैकी गुण द्यायचे. बेरीज ५ किंवा जास्त आली तर हात चांगला सुधारण्याची अपेक्षा ठेवायची. कमी आली तर चुंबकीय लहरीने मेंदूला हलकी चालना देऊन हाताच्या स्नायूपर्यंत संदेश पोचतो का ते बघायचं, न पोचल्यास एनआयएचएसएसची मदत घ्यायची. २०१७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचा अंदाज चारपैकी तीन पेशंटमध्ये बरोबर ठरला. यात रक्ताचा थेंबही लागत नाही. चारपैकी एकाचा अंदाज चुकला, हेही लक्षात ठेवा.

पायाचं गणित वेगळं असतं. आधाराशिवाय तीस सेकंद बसता येणं आणि लुळ्या पायात थोडी तरी हालचाल असणं, पहिल्या तीन दिवसांत हे दोन्ही असलेले जवळजवळ सगळेच पेशंट सहा महिन्यांत स्वतंत्र चालू लागतात, असं त्याच डच गटाने दाखवलं. तुमच्या वडिलांचा पाय हलतो आहे. ते बसू शकतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि एक गोष्ट, जी झटका उजव्या मेंदूचा असल्यामुळे मला तुम्हाला सांगायलाच हवी. अशा बऱ्याच पेशंटचं लक्ष डाव्या बाजूला जातच नाही. त्यांना डावं दिसतं, पण मेंदू त्याची दखल घेत नाही. काही जण ‘मला काही झालं नाही’ म्हणतात आणि घरच्यांना वाटतं, हट्ट करतायत. हे असेल तर व्यायामाची सगळी आखणी बदलावी लागते, आणि कुठल्याही रक्ततपासणीत ते उमटत नाही. गिळणं सुरक्षित आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांना नेहमीसारखं ताट वाढा. डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबू तसंच राहिलं आणि उजवीकडची भाजी संपली, तर ते फिजिओथेरपिस्टला आणि डॉक्टरांना नक्की सांगा. मग त्यांच्याशी बोलताना डाव्या बाजूला बसायचं की उजव्या, पाण्याचा तांब्या कुठे ठेवायचा, हे ते तुम्हाला शिकवतील.

उद्या पाचवा दिवस. राउंडच्या वेळी फिजिओथेरपिस्टसोबत उभ्या राहा. वडिलांना पाठीला आधार देऊन बसवा, डावा हात मांडीवर. आधी कोपर बाजूला उचलायला सांगा, मग मूठ उघडायला. बोटाचं टोक जरी सरकलं तरी ते धरायचं आहे, म्हणून घाई करू नका, त्यांना वेळ द्या, आणि उजव्या हाताने मदत करू देऊ नका. काय दिसलं ते तारखेसह वहीत लिहा. नवव्या दिवशी पुन्हा करा. मला कळवताना तेवढं पान, उद्याचं सीआरपी, बी-१२, इको आणि होल्टरचा निकाल पाठवा.